रंग काढला तरी अर्थ उरावा





आपल्या शाळेच्या संगणक कक्षात या सत्रापासून इयत्ता आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी शनिवारचा 'लेखी गप्पांचा तास' सुरू झाला आहे. त्याबद्दल गेल्या दोन महिन्यांत आमच्याकडे बरीच पत्रे आली. काही कौतुकाची होती, काही काळजीची, आणि दोन-तीन चांगली कडक. "मुले रंगीबेरंगी अक्षरे काढण्यात तास घालवतात, हा काय अभ्यास झाला?" असे एका पालकांनी विचारले. एका विश्वस्तांनी सुचवले की रंगांची सोय पूर्ण बंद करावी. संगणकाच्या शिक्षकांचे म्हणणे नेमके उलट, की मुलांना सर्व काही मोकळेपणाने करू द्यावे. पुढच्या बैठकीत हा विषय व्यवस्थापन समितीपुढे येणार आहे. त्याआधी आमचे मत या पानावर स्पष्टपणे मांडावे, असे आम्हांस वाटले.

आमचे मत थोडक्यात असे: तास चालू राहावा, रंग शिकवावेत, मात्र ज्या वाक्याचा अर्थ केवळ रंगावर टांगलेला आहे असे वाक्य आपल्या शाळेत कोणी लिहू नये. हे असे का, ते आता सविस्तर सांगतो.

हे आहे तरी काय?

आपल्या कक्षातील बरेचसे संगणक जुने आहेत. त्यांवर आजची जड सॉफ्टवेअरे चालत नाहीत, पण लिनक्स आणि त्यावरचा टर्मिनल, म्हणजे केवळ अक्षरे दाखवणारा तो काळा पडदा, उत्तम चालतो. कक्षातील एका यंत्रावर गप्पांचा सर्व्हर बसवलेला आहे. बाकीची यंत्रे त्याला जोडलेली आहेत. बाहेरच्या इंटरनेटशी याचा संबंध नाही. जाहिरात नाही, छायाचित्र नाही, अनोळखी माणूस नाही. एक जण ओळ टाइप करतो, ती इतरांच्या पडद्यावर उमटते, एवढाच हा खेळ.

या पद्धतीला आयआरसी म्हणतात. फिनलंडमधील औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी ऑगस्ट १९८८ मध्ये ती तयार केली. म्हणजे आज व्हॉट्सॲपवर जो 'ग्रुप' आपण सहज उघडतो, त्याची ही बरीच थोरली बहीण. ऑगस्ट १९९१ मध्ये सोव्हिएत संघात सत्ता उलथवण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा तिथल्या बातम्या याच मार्गाने ओळी-ओळींनी जगभर गेल्या होत्या. त्या ओळी साध्याच होत्या.

एक गैरसमज येथेच दूर करतो. आपण जो कार्यक्रम वापरतो त्याचे नाव 'वीचॅट' आहे. हे नाव ऐकून एक पालक तातडीने आम्हांस भेटायला आले. "सर, सरकारने बंदी घातलेले ॲप शाळेत कसे?" असा त्यांचा प्रश्न होता, आणि तो रास्तच होता. जून २०२० मध्ये भारत सरकारने ज्या ५९ ॲपवर बंदी घातली त्यांत त्याच उच्चाराचे एक चिनी ॲप होते. त्याचा याच्याशी काहीही संबंध नाही. आपला वीचॅट सेबास्तियाँ एलो यांनी २००३ मध्ये सुरू केलेला मुक्त कार्यक्रम आहे. त्याला शुल्क नाही आणि त्याची आतली रचना कोणालाही वाचता येते. इंग्रजीत दोहोंच्या स्पेलिंगमध्ये एका 'ई'चा फरक आहे. एका अक्षराने केवढा घोटाळा होतो, हे मुलांना समजावण्यास यापेक्षा चांगले उदाहरण मिळणार नाही.

रंग येतो कुठून?

व्हॉट्सॲपवर शब्दाच्या दोन्ही बाजूंना तारा टाकला की अक्षर ठळक होते, हे आता आजी-आजोबांनाही ठाऊक आहे. आयआरसीमध्ये तारा नसतो. तेथे खूण अदृश्य असते. संगणकाच्या अक्षरमालेत, म्हणजे १९६३ सालच्या ॲस्कीमध्ये, शून्य ते ३१ हे क्रमांक छापण्याच्या अक्षरांसाठी नाहीतच. ते यंत्राला आज्ञा देण्यासाठी राखलेले आहेत. त्यांतील काही क्रमांक गप्पांच्या कार्यक्रमांनी पुढे आपल्या कामाला लावले. क्रमांक २ म्हणजे ठळक, ३ म्हणजे रंग, २९ म्हणजे तिरपे, ३१ म्हणजे अधोरेखित, आणि १५ म्हणजे सर्व सजावट बंद.

कंट्रोल-कळ आणि इंग्रजी अक्षर एकत्र दाबले की त्या अक्षराचा वर्णमालेतील क्रमांक जातो. बी दुसरे अक्षर, म्हणून ठळक. ओ पंधरावे, म्हणून समाप्ती. या हिशेबाने रंगासाठी तिसरे अक्षर सी हवे. परंतु विंडोजमध्ये कंट्रोल-सी नक्कल करण्यासाठी राखलेले, म्हणून १९९५ साली आलेल्या एमआयआरसी या कार्यक्रमात रंगासाठी के ही कळ रूढ झाली. टर्मिनलमध्ये तर कंट्रोल-सी म्हणजे सहसा 'चालू काम थांबव'. वीचॅटने यातून दोन पायऱ्यांची वाट काढली आहे: आधी कंट्रोल-सी, मग बी दाबल्यास ठळक, सी दाबल्यास रंग, आय दाबल्यास तिरपे आणि ओ दाबल्यास समाप्ती.

रंगाच्या खुणेनंतर रंगाचा क्रमांक द्यावा लागतो. ०० पांढरा, ०१ काळा, ०२ निळा, ०३ हिरवा, ०४ लाल, ०७ नारिंगी, ०८ पिवळा अशी मूळ १६ रंगांची यादी आहे. स्वल्पविराम देऊन दुसरा क्रमांक दिला की तो अक्षरामागच्या पट्टीचा रंग होतो.

येथे एक गंमत आहे आणि तीत शिकण्यासारखेही आहे. समजा, एका मुलाने लाल रंगासाठी नुसता ४ टाकला आणि लगेच इंग्रजी अंकात '5 वाजता या' असे लिहिले. संगणक ते दोन्ही अंक एकत्र वाचतो आणि पंचेचाळीस क्रमांकाचा रंग शोधू लागतो. पडद्यावर उरते फक्त 'वाजता या'. निरोपातला नेमका महत्त्वाचा अंकच रंगाने गिळला! म्हणून क्रमांक नेहमी दोन अंकी, '०४' असा द्यायचा, अर्थात टाइप करताना इंग्रजी अंकांत. मजा अशी की मजकुरातला पाच देवनागरी '५' असेल तर तो कधीच गिळला जात नाही, कारण यंत्र रंगाच्या क्रमांकासाठी फक्त इंग्रजी अंक ओळखते. आपल्या लिपीचा असाही एक उपयोग.

पाठवलेला रंग आणि पोचलेला रंग

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. आपण 'लाल' पाठवतो म्हणजे नक्की काय पाठवतो? लाल रंग नव्हे. पाठवतो तो केवळ एक क्रमांक. समोरचा कार्यक्रम तो क्रमांक आपल्या टर्मिनलच्या भाषेत उतरवतो. टर्मिनलची ही भाषा आयआरसीहून जुनी आहे. १९७८ साली आलेल्या व्हीटी-१०० या २४ ओळी आणि ८० स्तंभांच्या यंत्राने ती सर्वत्र नेली. त्या यंत्राला रंग नव्हतेच, पण क्रमांक २७ ची खूण, मग चौकटी कंस, मग संख्या, ही आज्ञेची पद्धत आजही तीच आहे. त्या भाषेत ३१ म्हणजे लाल आणि ३२ म्हणजे हिरवा. आणि तो लाल नेमका कसा दिसावा, हे वाचणाऱ्याच्या टर्मिनलने ठरवलेले असते.

याचा अर्थ काय? पिवळ्या अक्षरांचा निरोप काळ्या पडद्यावर झळकतो, आणि कोणी पडदा पांढरा ठेवला असेल तर तोच निरोप जवळजवळ नाहीसा होतो. कोणी आलेले रंग न दाखवण्याची सोय निवडली असेल तर त्याला काहीच रंग दिसत नाही. दृष्टिहीन व्यक्ती पडदा वाचून दाखवणाऱ्या कार्यक्रमाच्या आधारे वाचते, तिला सहसा शब्द ऐकू येतात, रंग नाही. म्हणजे लिहिणाऱ्याच्या हातात शब्द आहेत, रंग नाही. रंग ही फक्त विनंती आहे. समोरचा ती मान्य करील, अथवा करणार नाही.

१९९३ साली आयआरसीचे जे पहिले नियमपत्र प्रसिद्ध झाले, त्यात रंगांचा उल्लेखही नाही. रंग नंतर आले, पाहुण्यासारखे. पाहुण्याचे स्वागत करावे, पण घर त्याच्या नावावर करू नये.

तीन घटना

आता सत्रातील तीन गोष्टी सांगतो. नावे सांगणार नाही, विचारूही नयेत.

पहिली. काही मुलांना असे लक्षात आले की अक्षरही काळे आणि पट्टीही काळी निवडली तर ओळ रिकामी दिसते. या युक्तीने त्यांनी एका नव्या मुलीच्या मराठीची टिंगल लिहिली. तिच्या घरी हिंदी बोलतात, मराठी ती आपल्याच शाळेत शिकते आहे. त्यांना वाटले, कोणाला दिसणार? परंतु वीचॅट गप्पांची नोंदवही ठेवतो आणि त्या नोंदवहीत रंग साठवले जात नाहीत, मजकूर मात्र साठतो. त्या आठवड्याचा वृत्तांत लिहिण्याची पाळी योगायोगाने त्याच मुलीची होती. तिने नोंदवही उघडली आणि सगळ्या 'रिकाम्या' ओळी साध्या अक्षरांत समोर उभ्या राहिल्या.

ती रडली नाही. तिने त्या ओळी वृत्तांतात जशाच्या तशा उतरवल्या, त्यांतल्या शुद्धलेखनाच्या चार चुका अधोरेखित केल्या, आणि वही शिक्षकांच्या मेजावर ठेवली. त्या मुलांना आम्ही बोलावले, त्यांच्या पालकांनाही. मुलांनी तिची क्षमा मागितली. परंतु इजा व्हायची ती झालीच. आम्हांस एवढेच म्हणायचे आहे की ज्या आईवडिलांनी घरी मराठी नसताना मुलीला मराठी शाळेत घातले, त्यांनी आपल्या समाजावर केवढा विश्वास टाकला आहे, याची जाणीव आपल्या प्रत्येक घरात असावी. इंदुरात पिढ्यान्‌पिढ्या राहूनही आपली मराठी टिकली, ती येणाऱ्याला सामावून घेतल्यामुळेच. आमचे स्वतःचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले आहे. 'ळ' लिहिताना अडखळणे म्हणजे काय, हे आम्हांस पुस्तकातून शिकावे लागलेले नाही.

दुसरी. दोन-तीन मुलांनी प्रत्येक अक्षर वेगळ्या रंगात रंगवण्याचा सपाटा लावला. त्यात देवनागरीचे काय झाले ते पाहण्यासारखे होते. आपल्या लिपीत मात्रा अक्षराला चिकटून असते, पण संगणक ती वेगळी साठवतो. मध्येच रंगाची खूण घुसली की वेलांटी इकडे आणि 'क' तिकडे. आणखी एक हिशेब आहे. आयआरसीच्या एका ओळीला ५१२ बाइटांची मर्यादा आहे, पाठवणाऱ्याचे नाव-गाव त्यातच. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरी चिन्हाला तीन. 'शाळा' हा शब्द १२ बाइट घेतो. 'प्राचार्य' दिसायला तीन अक्षरे, पण त्यात नऊ चिन्हे आहेत, म्हणजे २७ बाइट. दोन अंकी रंगाची एक खूणही तीन बाइटच घेते. म्हणजे एक रंग लावायचा तर एका देवनागरी चिन्हाची जागा द्यावी लागते. प्रत्येक चिन्हाला रंग लावला तर ओळीत निम्माच मजकूर मावतो, आणि उरलेला बोलण्याआधीच तुटतो. दिखाव्यापायी बोलणे निम्मे झाले, हे गणित मुलांनी स्वतः मांडले. त्यानंतर तो सपाटा आपोआप ओसरला.

तिसरी घटना आम्हांस सर्वांत जास्त विचार करावयास लावणारी वाटली. मुलांनी सामान्यज्ञानाची स्पर्धा घेतली. उत्तर बरोबर असेल तर ते हिरव्या रंगात परत लिहायचे, चूक असेल तर लाल रंगात, असे त्यांचे आपसात ठरले. शब्द काही नाही, केवळ रंग. एक मुलगा दर वेळी गुण चुकीचे मोजू लागला. सोबत्यांनी त्याला 'धांदरट' म्हटले, मग त्याहून वाईट शब्द वापरला. दोन दिवसांनी त्याचे वडील आले. त्यांनी खुर्चीही नीट घेतली नाही. म्हणाले, "सर, पोरगा निष्काळजी नाही हो. त्याला ते दोन रंग सारखेच दिसतात. शाळेत डोळ्यांचा नंबर तपासतात, रंग कोण तपासतं?"

लाल-हिरव्यातला भेद न कळणे हा आजार नव्हे. ते बहुधा जन्मजात असते आणि मुलींपेक्षा मुलांत पुष्कळ अधिक आढळते. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत हे प्रमाण शेकडा ८ च्या आसपास धरले जाते. आपल्याकडे ते कमी आहे, पण शेकडो मुलांच्या शाळेत अशी काही मुले असणारच. त्यांतल्या कित्येकांना स्वतःलाही ते ठाऊक नसते. 'मला नीट जमत नाही' एवढेच त्यांना वाटत राहते.

उपाय काय निघाला? मुलांनीच काढला. रंग तसाच ठेवला आणि पुढे 'बरोबर' किंवा 'चूक' असा शब्द लिहायला सुरुवात केली. एक शब्द, बस्स. पुढच्या शनिवारी त्या मुलाने गुणलेखन अचूक केले.

हे नवे नाही

कोणी म्हणेल, ही आधुनिक लाड करण्याची पद्धत आहे. तसे नाही. आपल्या जुन्या हस्तलिखित पोथ्यांकडे पाहा. काळ्या शाईच्या मजकुरात अध्यायाची समाप्ती, मधले दंड, 'उवाच'सारखे शब्द लाल रंगाने लिहिलेले आढळतात. वाचणाऱ्याची नजर ठरावी म्हणून रंग. पण कोणी ती पोथी नुसती ऐकली, वा तिची काळ्या शाईत नक्कल केली, तरी अध्याय तेथेच संपतो, कारण तसे शब्दांत लिहिलेले असते. लिहिताना चूक झाली तर त्यावर पिवळा हरताळ लावून ती झाकत. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार तेथूनच आपल्याकडे आला. रंगाने मजकूर उठवताही येतो आणि पुसताही येतो, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते.

आजचे पाहा. चौकातल्या दिव्यात लाल वर आणि हिरवा खाली असतो. ज्याला रंग कळत नाही त्याला जागा कळते. खाण्याच्या पाकिटावर शाकाहारासाठी हिरवे वर्तुळ आणि मांसाहारासाठी तपकिरी वर्तुळ असे. २०२० च्या लेबलविषयक नियमांत मांसाहाराची खूण त्रिकोणी झाली. आता रंग न ओळखणाऱ्यालाही आकारावरून कळते. संगणकावर कामे करणारे लोक गिट नावाचे साधन वापरतात. त्यात जोडलेली ओळ हिरवी आणि काढलेली लाल दिसते, पण सोबत अधिक आणि वजा ही चिन्हेही असतातच. २०१७ पासून तर टर्मिनलच्या कार्यक्रमांसाठी असा संकेतच रूढ झाला आहे की वापरणाऱ्याने 'रंग नको' असे एकदा सांगून ठेवले तर कार्यक्रमाने रंग दाखवू नयेत. शहाणी रचना सर्वत्र हेच करते: रंग मदतीला, अर्थ दुसऱ्या कशावर तरी पक्का.

मग बंदच का करू नये?

सर्व्हरवर एक सोय आहे. खोलीला 'सी' ही खूण लावली की त्या खोलीत रंग चालत नाहीत. विश्वस्तांची सूचना हीच आहे. तिच्यामागची तळमळ आम्ही जाणतो. पण सरसकट बंदीने मुले काय शिकतील? रंग वाईट असतात, एवढेच. लपवून लिहिण्याची हौस रंग नसले तरी दुसरी वाट शोधते. कागदाचे बोळे आमच्या वेळीही फिरत होते. उलट ज्या मुलाने एकदा नोंदवहीत आपली लपवलेली ओळ उघडी पडलेली पाहिली, तो आयुष्यभर लक्षात ठेवील की संगणकावर लिहिलेले पुसले जात नाही. हा धडा आजच्या मुलांना किती आवश्यक आहे, हे पालकांना आम्ही सांगावे असे नाही.

"एवढी जुनी विद्या कशाला?" असेही एका पत्रात विचारले आहे. टर्मिनल जुना आहे, पण निवृत्त झालेला नाही. आजही जगातील असंख्य सर्व्हर याच काळ्या पडद्यावरून चालवले जातात. शिवाय येथे मुलाला पडद्यामागचे दिसते: अक्षर म्हणजे संख्या, रंग म्हणजे संख्या, आणि यंत्र सांगितले तेवढेच करते. मोबाइलच्या गुळगुळीत काचेवर हे दिसत नाही.

संगणक-शिक्षकांचा पूर्ण मोकळीक देण्याचा आग्रहही आम्हांस पटत नाही. सार्वजनिक खोलीत बोलणे म्हणजे प्रार्थनासभेत बोलण्यासारखे आहे. तेथे सर्वांना कळेल अशा आवाजात बोलावे लागते. म्हणून आमचा प्रस्ताव असा आहे.

१. सूचनांच्या खोलीत रंग बंद. तेथे शाळेच्या सूचना, वेळा आणि निकाल साध्या अक्षरांत येतील.

२. सरावाच्या खोलीत रंग चालू. तेथे मुलांनी हवे ते प्रयोग करावेत.

३. पाठवण्याआधी प्रत्येकाने स्वतःला विचारावे: रंग काढला तर हे वाक्य तेवढेच कळेल का? नाही असे उत्तर आले तर शब्द घालावा.

४. रंगाचा क्रमांक दोन अंकी द्यावा आणि उपयोग झाला की समाप्तीची खूण द्यावी. आयआरसीत सजावट ओळीबरोबर आपोआप संपते, पण टर्मिनलमध्ये स्वतः आज्ञा देताना उघडा राहिलेला रंग पुढच्या मजकुरावर पसरतो. उघडलेले बंद करण्याची सवय लहानपणीच लागावी.

५. अक्षर आणि पट्टी एकाच रंगाची ठेवून लिहिणे हे चोरून लिहिणे समजले जाईल.

याखेरीज एक विनंती विश्वस्तांना आहे. वार्षिक आरोग्य तपासणीत नंबर पाहतात, त्याच वेळी रंगदृष्टीची साधी चाचणीही व्हावी. ठिपक्यांच्या चित्रांतून अंक ओळखण्याची ती चाचणी काही मिनिटांची असते. त्या वडिलांचा प्रश्न आम्ही समितीपुढे त्यांच्याच शब्दांत ठेवणार आहोत.

दोन शब्द विद्यार्थ्यांना

बाळांनो, तुमच्यापैकी बरेच जण गप्पांत मराठी रोमन अक्षरांत लिहिता. टर्मिनलवर जोडाक्षरे कधीकधी नीट जुळत नाहीत, ही अडचण आम्ही जाणतो. परंतु रोमनमध्ये 'वेळ' आणि 'वेल' एकच दिसतात, 'काळ' आणि 'काल' एकच दिसतात. रंगाचे सोळा क्रमांक तुम्ही आठवड्याभरात पाठ केलेत. तेवढ्याच चिकाटीने देवनागरी कळफलक शिकलात तर तुमच्या लिहिण्याला जो रंग चढेल, तो कोणाच्याही पडद्यावर फिका पडणार नाही. वेळ आणि वेल यांतला फरक हा खरा फरक आहे. लाल आणि नारिंगी यांतला फरक समोरच्याच्या यंत्रावर अवलंबून आहे.

रंग जरूर वापरा. सणावारी अंगणात रांगोळी काढतोच ना आपण! पण रांगोळी दारापुढे असते, दाराऐवजी नसते.

पालकांना आग्रहाचे निमंत्रण आहे. कोणत्याही शनिवारी तासाच्या वेळी कक्षात या, मुलांच्या शेजारी बसा, एक ओळ स्वतः टाइप करून पाहा. आणि आपले मत अनुकूल असो वा प्रतिकूल, लेखी स्वरूपात बैठकीपूर्वी कार्यालयात द्या. निर्णय समितीचा असेल. तो आपणा सर्वांच्या विचाराने व्हावा, एवढीच इच्छा.



— प्राचार्य